पत्रात सगळे आहेत, मुलगी नाही

प्रश्न : मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये बीई झाली, ७१ टक्के. चाकणजवळच्या एका ई-कचरा रिसायकलिंग कंपनीत तिला नोकरी मिळते आहे. कंपन्यांमधले जुने संगणक उचलायचे आणि त्याची कागदपत्रं सांभाळायची, असं काम. एवढं शिकून भंगार गोळा करायचं? स्थळं येत आहेत, लोकांना काय सांगू? होकार कळवू नकोस, असं मी तिला बजावलं आहे. एमपीएससी करावी की बँकेच्या परीक्षा? – एक वडील, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात स्थळं आहेत, लोक आहेत, तुमची काळजी आहे. मुलगी कुठेच नाही. हे काम तिला आवडलं का, मुलाखतीला ती स्वतःहून गेली का, याबद्दल एक ओळही नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीला ‘होकार कळवू नकोस’ असं बजावणं मला तिच्या ७१ टक्क्यांपेक्षा जास्त चिंतेचं वाटतं. तुमची काळजी खोटी नाही, पण इथे निर्णय तुमचा नाही. एमपीएससी आणि बँक, दोन्हींचे अर्ज नोकरी करतानाही भरता येतात; त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता ‘भंगार’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. एखादं ऑफिस दोनशे जुने संगणक लिलावात काढतं, तेव्हा साधा भंगारवाला बहुतेक वेळा जास्त भाव देतो. त्याला ते परवडतं, कारण विल्हेवाटीचा खर्च तो करतच नाही. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड काढून घेतो. पातळ जुन्या मॉनिटरमधल्या पाऱ्याच्या नळ्या फुटतात, जाड मॉनिटरची शिसंयुक्त काच कुठेतरी टाकली जाते, बोर्ड आम्लात बुडवले जातात आणि ते पाणी गटारात सोडलं जातं. फुगलेली लॅपटॉपची बॅटरी न काढता तुकडे करणाऱ्या यंत्रात गेली तर आग लागते. म्हणून ती आधी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवावी लागते. माहितीचं तर विचारूच नका. ‘फॉरमॅट’ मारलं की हार्ड डिस्क पुसली, असं बहुतेकांना वाटतं. झटपट (क्विक) फॉरमॅटमध्ये पुसली जाते ती फाइलींची यादी, मजकूर तसाच राहतो. चुंबकीय यंत्राने हार्ड डिस्क निकामी होते, पण एसएसडीवर, म्हणजे नव्या संगणकांतल्या चिपवाल्या डिस्कवर, त्याचा काही परिणाम होत नाही, कारण तिच्यात माहिती चुंबकावर नसतेच. तिचं पुसणं वेगळं, नाहीतर चुरा. कुठल्या यंत्राला कुठली पद्धत लावायची, प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक माहिती नष्ट केल्याच्या दाखल्यावर उतरला का, हे ठरवायला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं माणूसच लागतं. तुमच्या मुलीने चार वर्षं जे शिकलं, ते इथे वाया जात नाही.

१ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. वर्षात कधीही १,००० किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेला आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती-नूतनीकरण करणारा किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यावा लागतो. उत्पादकांना त्यांनी पूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याइतकं रिसायकलिंगचं उद्दिष्ट आहे. २०२५-२६ साठी ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. त्यासाठी रिसायकलरकडून घ्यायची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड किती परत मिळालं यावर ठरतात. त्यामुळे वजन, यादी आणि हिशेब चोख ठेवणाऱ्यांची गरज वाढतच जाणार आहे.

खरी चौकशी करायची आहे ती कंपनीची. इथे मात्र मी तुमच्याइतकीच साशंक आहे, कारण माल न फोडता फक्त कागद फिरवणारी मंडळीही या धंद्यात आहेत आणि अशा ठिकाणी सही करणाऱ्या नव्या मुलीवरच जबाबदारी येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती चालू आहे का, आणि तीत वर्षाची क्षमता किती टन लिहिली आहे? बोर्ड फोडून पुढे कोणाकडे जातात? उरलेली घातक राख आणि गाळ तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामायिक प्रकल्पात गेल्याच्या पावत्या आहेत का? १८० दिवसांपेक्षा जुना माल शेडमध्ये पडून आहे का? आलेल्या मालाचं वजन आणि बाहेर गेलेल्या धातू, प्लास्टिक, काच, अवशेषांचं वजन जुळतं का? कामगारांना मास्क, हातमोजे आणि धूळ ओढणारी यंत्रणा आहे का?

दोन-तीन प्रश्नांनाही टाळाटाळ झाली, तर मी स्वतः तिला नकार कळवायला सांगेन. उत्तरं कागदावर मिळाली, तर तिने निदान एक वर्ष हे काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही प्रश्नांची यादी तिच्या हातात द्या, एक दिवस कारखाना बघायला तिच्यासोबत चाकणला जा, पण आत प्रश्न तिला विचारू द्या. रुजू व्हायची तारीख मागे-पुढे होते का, तेही तिनेच फोन करून विचारावं. स्थळांना काय सांगायचं? ती इंजिनिअर आहे आणि अमुक कंपनीत काम करते, एवढं सांगा.