पीएसपी या हातातल्या मशीनवरचा ‘लिबर्टी सिटी स्टोरीज’ प्लेस्टेशन २ वर, टीव्हीसमोर बसून खेळण्यासारखा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत जुना प्लेस्टेशन २ हाती लागलाय, सॅन अँड्रियास खेळून झालाय, आता दुकानदार त्याच जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) मालिकेच्या आणखी दोन डिस्क पुढं करतोय, लिबर्टी सिटी स्टोरीज आणि व्हाइस सिटी स्टोरीज. आणि भाचा म्हणतोय, ‘मामा, हे हातातल्या मशीनचे गेम, मोठ्या टीव्हीवर काय दिसणार?’

भाचा म्हणतो त्यात तथ्य आहे, पण त्यानं बोट भलत्याच ठिकाणी ठेवलंय. चित्र टीव्हीवर थोडं विरळ दिसतं हे खरं. भिंती धुरकट, माणसं ठोकळेबाज. त्याला डोळे अर्ध्या तासात सरावतात. आणि शहर काही छोटं नाही. पोर्टलंड, स्टॉन्टन आयलंड, शोरसाइड वेल ही २००१ च्या जीटीए ३ मधली तिन्ही बेटं जवळपास जशीच्या तशी आहेत, वर मोटरसायकली आहेत, ज्या जीटीए ३ मध्ये नव्हत्या. छोटी आहेत ती मिशनं, म्हणजे गेममध्ये एकेक करून उरकायची कामं. घ्यायचं की नाही ते त्यावरून ठरवा.

हा गेम ऑक्टोबर २००५ मध्ये पीएसपीवर आला आणि जून २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर. जीटीए काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या लीड्सच्या स्टुडिओनं तो रॉकस्टार नॉर्थ या तिच्याच दुसऱ्या स्टुडिओबरोबर बनवला. लीड्सची ही मंडळी त्याआधी गेम बॉयसारख्या मशीनसाठी गेम करायची. म्हणजे खिशातलं मशीन घेऊन माणूस किती वेळ बसतो, कधी उठतो, याचं गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. मिशनं त्याच मापानं कापलीत. जा, एकाला उडव, गाडी घेऊन परत ये, संपलं. मी कोल्हापूरला शिकायला होतो तेव्हा बेळगावहून जाता-येता बसमध्ये हाच गेम खेळायचो. काकती मागं पडली की मिशन घ्यायचं, ते हत्तरगीच्या टोलनाक्याआधी संपलेलं असायचं. तवंदी घाटात बस वळणं घ्यायला लागली की डोकं गरगरायचं, मग बाजूचा स्विच वर सरकवला की मशीन झोपायचं. निपाणी स्टँडवर परत स्विच, आणि गाडी जिथं होती तिथंच, पोलीस मागं लागलेलेच. त्या प्रवासाला याहून चांगला गेम मला तरी मिळाला नाही.

आता तोच गेम घरी, जेवून-खाऊन, पाय पसरून खेळायचा म्हटलं की त्या मापाचे टाके दिसायला लागतात. सॅन अँड्रियासमध्ये एक मिशन सुरू होतं गाडीत, मध्येच पाठलाग होतो, मग गोळीबार, मग भलतंच काही. इथं एक टप्पा, फार तर दोन. सलग बसलात की तासाभरात वाटतं, अरे, हेच तर मघाशी केलं की. सुरुवातीला व्हिन्सेन्झो नावाचा टोळीवाला जी कामं सांगतो ती तर निव्वळ हमाली आहे, आणि तो सांगतोही त्याच तोऱ्यात. म्हणून माझा सल्ला, घरीसुद्धा हा बसमधल्यासारखाच खेळा. दोन-तीन मिशनं, की बंद. अख्खा रविवार यावर काढायचा बेत असेल तर कंटाळाल.

कथा मात्र मला आवडते. साल १९९८, जीटीए ३ च्या तीन वर्षं आधीचं. टोनी सिप्रियानी नावाचा लिओने टोळीचा माणूस, टोळीचा म्होरक्या साल्वातोरे याच्या हुकमावरून एकाचा खून करून परागंदा झालेला, परत येतो. त्याची आई त्याला बापाची सर नाही म्हणून टोचून टोचून हैराण करते आणि एका टप्प्यावर चक्क पोटच्या पोराची सुपारी देते. टोळीयुद्धाच्या कथा ढिगानं असतात. आईला खूश करायला धडपडणारा दणकट गुंड मला इतरत्र फारसा भेटला नाही.

घरच्या मशीनवर आणताना काय सुधारलं, तर सगळ्यात मोठी गोष्ट कॅमेरा. पीएसपीला डाव्या अंगठ्याखाली एकच बारकी काडी. कॅमेरा फिरवायचा तर एल बटण दाबून तीच काडी वापरायची, म्हणजे चालणं आणि बघणं एकत्र जमायचंच नाही. गल्लीत चौघं अंगावर आले की आर दाबून निशाणा लागायचा तो भलत्यावरच, मागून कुणी बॅट घालायचा आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे. प्लेस्टेशन २ वर उजव्या अंगठ्याला दुसरी काडी आहे. चालता चालता मान वळवता येते, कोपऱ्यापलीकडं कोण लपलंय ते बघून मग पुढं होता येतं. पीएसपीवर ज्या मिशनांना मी शिव्या घालायचो, त्यातली बरीचशी इथं सरळ सुटतात. मिशन तेच, माणसं तीच, त्रास तेवढा कमी. शिवाय रस्ता जास्त लांबवर दिसतो, त्यामुळं बाईक सुसाट सोडल्यावर समोरची गाडी ऐन नाकाशी उगवत नाही.

जे पीएसपीत नव्हतं ते इथंही आणलेलं नाही. टोनीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की गेला. कुंपणावर चढता येत नाही. विमान नाही, हेलिकॉप्टर नाही. सॅन अँड्रियासची सवय असलेला माणूस पहिल्याच पाठलागात भिंतीवर उडी मारायला जातो आणि तिथंच पकडला जातो.

गेलं काय? पीएसपीवर सहा जणांना वायरलेसवर एकमेकांविरुद्ध खेळता यायचं, ते काढून टाकलं. स्वतःची गाणी गेमच्या रेडिओवर घालायची सोय होती, तीही गेली. मल्टिप्लेअर गेल्याबद्दल तेव्हा बरीच हळहळ झाली, पण खरं सांगू का, आपल्या भागात सहा पीएसपी एका खोलीत जमवायचे म्हणजे लग्नाचं बोलावणं धाडावं लागलं असतं. आपलं त्यात काही गेलं नाही. तुमच्या घरची अडचण वेगळी आहे. सॅन अँड्रियासमध्ये दुसरा कंट्रोलर लावून दोघांना एकाच पडद्यावर धुडगूस घालता येतो, या दोन्हींत ते नाही. मामानं खेळायचं आणि भाच्यानं बघायचं, किंवा उलट.

उलट म्हणालो खरं, पण भाचा शाळकरी असेल तर ते उलटंही नको. दोन्ही गेम मोठ्यांसाठीचे आहेत, अठरा वर्षांच्या पुढचे. व्हाइस सिटी स्टोरीजमध्ये तर धंद्यांच्या यादीत काय काय येतं ते बघून तुम्हालाच रिमोट शोधावा लागेल.

ज्यांनी जीटीए ३ खेळलाय त्यांच्यासाठी मात्र इथं वेगळीच मौज आहे. तिथं मोडलेला दिसलेला कॅलाहन पूल इथं अजून बांधून व्हायचाय, आणि पोर्टलंडहून स्टॉन्टनला जायला फेरीबोट धरावी लागते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर ताटकळण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला अर्धवट पूल बघून परकं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच, की इथं वेगवान बाईक मिळाली तर माणूस त्या अर्धवट पुलावरून उडी घेऊन पलीकडं जायची हिंमत करतो. आणि जीटीए ३ मध्ये स्टॉन्टनवर जे भलंमोठं बांधकामाचं मैदान दिसतं, तिथं इथं नांदती वस्ती आहे, फोर्ट स्टॉन्टन. ती जमीनदोस्त करायचं काम तुमच्याच हातून होतं. जुना गेम माहीत असला की ते मिशन अंगावर येतं. माहीत नसला तर आणखी एक स्फोट, बस्स. तुम्ही जीटीए ३ खेळलाय का ते लिहिलेलं नाही. नसेल, तर या गेमचा हा भाग तुमच्यापुरता वजा धरा.

रेडिओ देल मुंडो नावाचं स्टेशन जरूर लावा. अरबी, भारतीय, देशोदेशीचं संगीत, आणि निवेदकाचं नाव पंजित गावसकर! नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण आडनाव ऐकून आमच्या घरात सगळ्यांनी कान टवकारले होते.

दुकानात डिस्क लावून बघायला मिळाली तर सुरुवातीचे व्हिडिओ बघत बसू नका, त्यात सगळेच गेम चांगले दिसतात. एखादी बाईक उचला, गर्दीच्या रस्त्यावर दामटा, दोन-चार गाड्या पेटवा, पोलीस मागं घ्या. हातातल्या मशीनवरून आणलेल्या गेमचा खरा जीव तिथं कळतो. लिबर्टी सिटी स्टोरीज अशा धुमाळीत अडखळतो, चित्र क्षणभर जड होतं. मला ते चालतं. तुम्हाला डोळ्यात खुपलं तर तिथंच परत करा.

किमतीचं म्हणाल तर अमेरिकेत नवा आला तेव्हाच तो २० डॉलरला होता. सॅन अँड्रियास नवा ५० डॉलरचा. म्हणजे कंपनीनंच त्याला अर्ध्याहून कमी तोललं होतं. दुकानदार तिन्हींचा एकच भाव लावत असेल तर घासाघीस करायला हा मुद्दा पुरेसा आहे.

आता व्हाइस सिटी स्टोरीज. तो पीएसपीवर ऑक्टोबर २००६ ला आणि प्लेस्टेशन २ वर मार्च २००७ मध्ये आला. दोनांतला एकच घेणार असाल तर हा घ्या. १९८४ सालचं व्हाइस सिटी, व्हिक्टर व्हान्स नावाचा फौजी, जो पैशापायी घसरत जातो. यात हेलिकॉप्टर आहे, थोडंफार पोहता येतं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या टोळीची ठिकाणं हिसकावून तिथं सावकारी, खंडणी, तस्करी असे सहा तऱ्हेचे धंदे उभे करता येतात. त्यांच्यावर हल्ले होतात, ते राखावे लागतात. त्यामुळं मिशनं छोटी असली तरी मधला वेळ भरून निघतो, तासन् तास बसलं तरी हाताला काम असतं. शिवाय प्लेस्टेशन २ वर आणताना नुसतं मोठं करून सोडलेलं नाही, काही नवी मिशनंही घातलीत. गायक फिल कॉलिन्स स्वतः गेममध्ये येतो, तो भाग तर मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो.

शेवटचं, आणि आपल्या भागात सगळ्यात कामाचं. पीएसपीला बॅटरी होती, मिशनच्या मध्येच झोपवता यायचं. प्लेस्टेशन २ ला ती सोय नाही, आणि हे दोन्ही गेम सेव्ह होतात ते फक्त आपल्या ठिकाणावर पोचल्यावर. मिशनच्या अधेमधे कुठंही नाही. पावसाळ्यात दुपारी आपल्याकडं लाईट कशी जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्रत्येक मिशननंतर घर गाठून सेव्ह करायची सवय लावून घ्या. मिशनं छोटी असल्याचा इथं उलट फायदाच होतो, लाईट गेलीच तर एकच मिशन बुडतं. मेमरी कार्ड मशीनबरोबर मिळालंय का बघा. आठ एमबीचं मूळ कार्ड मिळालं तर उत्तम, जुन्या नकली कार्डांचा भरवसा नसतो. दुकानातच एकदा सेव्ह करा, मशीन पूर्ण बंद करा, परत लावून तो सेव्ह उघडतो का ते बघा, आणि मगच पैसे द्या.