वारा पडलेला असतानाही तारकर्लीला एवढ्या लाटा कुठून येतात?

मे महिन्यात सकाळी तुम्ही तारकर्लीला पाण्यात उतरलात, माडाची झावळ हलत नव्हती, तरी छातीएवढ्या लाटा फुटत होत्या. लाटा वाऱ्याने होतात ना, मग या कसल्या, असं तुम्ही विचारलंय. लाटा वाऱ्यानेच होतात. फक्त तो वारा तारकर्लीचा नव्हता.

लहानपणी सुट्टीत मी मालवणच्या बाजूला रापणीची दोरी ओढायला जायचो. अशा सकाळी काका पुळणीवर उभे राहून नुसते बघत बसायचे. "वारो नाय, पण दर्यो हलता," म्हणायचे आणि होडी लोटायचीच नाही. का, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, 40 अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, वादळांची रांग लागलेली असते. आपल्याकडे आंबे पिकतात तेव्हा तिकडे थंडीचे दिवस येतात आणि वादळांचा जोर वाढतो. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळं पाणी मिळालं, यावर लाट ठरते. तिकडे या तिन्हींना तोटा नाही.

वादळाखाली सगळा गोंधळच असतो, लहान-मोठ्या लाटा एकमेकींवर चढलेल्या. तिथून बाहेर पडल्या की त्या आपोआप निवडल्या जातात, कारण लांब लाट जलद पळते. हिशोब सोपा आहे: दोन लाटांमध्ये जितके सेकंद, त्यांची साधारण दीडपट म्हणजे खोल पाण्यातला वेग, सेकंदाला मीटरमध्ये. 16 सेकंदांची लाट ताशी 90 किलोमीटरने धावते. गंमत अशी, की लाटांचा अख्खा घोळका मात्र याच्या निम्म्या वेगाने सरकतो, ताशी 45 ने. म्हणजे दिवसाला हजारेक किलोमीटर. 40 दक्षिणेपासून मालवण 6000 किलोमीटरच्या पुढे. तुम्ही ज्या लाटेत उभे होतात ती सहाएक दिवसांपूर्वी निघालेली होती.

निघाली ती लाट, पाणी नव्हे. नारळी पौर्णिमेला लाटा फुटतात त्याच्या पलीकडे नारळ टाकून बघा. लाट आली की तो वर उचलला जातो, जरा पुढे येतो, मग खाली आणि मागे. जवळजवळ तिथल्या तिथेच गोल फिरतो. खालचं पाणीही तसंच फिरतं, खोल जाऊ तसं कमी कमी. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळपास संपते.

16 सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे 400 मीटर. त्यामुळे पाणी 200 मीटरपेक्षा उथळ झालं की तिला तळ लागायला लागतो, आणि तेव्हा किनारा अजून दिसतही नसतो. तळ लागला की वेग कमी होतो, मागची पुढचीच्या जवळ येते, आणि शेवटच्या टप्प्यात उंची वाढते. खोल समुद्रात होडीला जेमतेम जाणवलेली लाट पुळणीवर म्हणूनच भिंतीसारखी उभी राहते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की माथा पुढे कोसळतो. नारळ किनाऱ्याला लागतो तो इथून पुढे, कारण फुटलेल्या लाटेबरोबर पाणीही खरंच सरकतं.

आलेलं पाणी परत जाणारच. ते बऱ्याचदा एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं, त्यालाच लोक 'करंट' म्हणतात. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, आणि पर्यटक नेमके तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर आडवे पोहा.

लाट कुठली हे ओळखायचं असेल तर सेकंद मोजा. दुपारी खारा वारा सुटल्यावर उठतात त्या चार-पाच सेकंदांच्या, अंगावर सटासट येणाऱ्या. चौदा-पंधराच्या पुढे मोजलेत तर ती दक्षिणेची पाहुणी. जानेवारी-फेब्रुवारीत वायव्येकडूनही येतात, आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या, पण त्या आखूड असतात.

आणि सातवी लाट मोठी असते हे खरं का, असं पुढे कोणी विचारेलच. मोठ्या लाटा घोळक्याने येतात हे खरं, कारण थोड्या वेगळ्या लांबीच्या लाटा कधी एकमेकींवर चढतात, कधी एकमेकींना खातात. सातचा आकडा मात्र मी मोजून पाहिला, कधी पाच आली, कधी अकरा.