सोसायटीच्या पूलमध्ये क्लोरीन जास्त पडलंय, कमी कसं करायचं?

आधी टॅबलेटचा फ्लोटर बाहेर काढा, डोसिंग (यंत्राने क्लोरीन सोडणं) बंद करा, कव्हर असेल तर काढा आणि पंप चालू ठेवा. कडक उन्हात क्लोरीन झपाट्याने उतरतं. मात्र पाण्यात सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) असेल तर वेळ लागतो, आणि टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, नेहमीच्या क्लोरीन टॅबलेटमधलं रसायन) टॅबलेट वापरत असाल तर ते असतंच.

घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन नष्ट करणारं रसायन, टाका. पण हिशेबाच्या निम्मंच टाका, तासाभराने पुन्हा तपासा. जास्त झालं तर नंतर टाकलेलं क्लोरीनही ते खाऊन टाकतं. टँकर मागवून पाणी बदलणं शेवटचा उपाय.

टेस्ट किटवर आंधळा विश्वास नको! डीपीडीचा (किटमधलं क्लोरीन तपासायचं रसायन) गुलाबी रंग क्लोरीन फार वाढलं की उडतो, नमुना रंगहीन दिसतो आणि क्लोरीन संपलं समजून वॉचमन आणखी पावडर ओततो. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर (लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम) आल्याशिवाय मुलांना उतरवू नका.