वाचक विचारतात: ती म्हणतेय फोनवर बोलूया, आणि मी अडखळतो

प्रश्न: नमस्कार ताई, मी २८ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. लहानपणापासून अडखळत बोलतो, पण सगळ्यांना कळतंच असं नाही कारण मी शब्द बदलून वेळ मारून नेतो. 'क' आला की अडतं आणि माझं नावच 'क'वरून आहे. बसमध्ये 'कात्रज' निघत नाही म्हणून भारती विद्यापीठचं तिकीट काढतो आणि पुढे चालत जातो, हे आजवर कोणालाच सांगितलं नाहीये. मीटिंगमध्ये ओळख करून द्यायची असली की माझी पाळी येईपर्यंत आधीचे काय बोलले ते डोक्यात शिरतच नाही. घरचे म्हणतात, गणपतीच्या आरतीत कसं खणखणीत म्हणतोस, मग इथेच काय होतं, उगाच टेन्शन घेतोस. आता लग्नाचं बघतायत. एका मुलीशी व्हॉट्सॲपवर छान चाललंय, ती म्हणतेय आता फोनवर बोलूया आणि मी रोज काहीतरी कारण सांगतोय. आई म्हणते ठरेपर्यंत यातलं काही बोलू नकोस. काय करू?

उत्तर: अरे, आधी आरतीचं बघू, कारण त्या एका वाक्यावरून तुला वर्षानुवर्षं बोल लावलाय. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळणं जवळपास नाहीसं होतं, हे तुझ्यासारख्या बहुतेकांचं होतं. म्हणजे तू नाटक करतोस किंवा मनाने कच्चा आहेस असं अजिबात नाही. बोलण्याचा ताळमेळ बसवणारं मेंदूतलं काम जरा वेगळं चालतं आणि बाहेरून ताल मिळाला की त्याला आधार होतो. अनुवंशिकताही असते, २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना एका मोठ्या पाकिस्तानी कुटुंबाच्या अभ्यासातून सुरुवात करून याच्याशी संबंधित तीन जनुकं सापडली. टेन्शनने अडखळणं वाढतं हे खरं, पण टेन्शन हे त्याचं मूळ नाही.

मला जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळायचे, त्यांनी याला हिमनग म्हटलं, ऐकू येतं ते वरचं टोक आणि पाण्याखाली लाज, भीती, अपराधीपणा. तुझं तर जवळजवळ सगळंच पाण्याखाली आहे. भारती विद्यापीठला उतरल्यावर 'सुटलो बाबा' वाटतं ना, त्या सुटल्यासारखं वाटण्यानेच भीती पोसली जाते, पुढच्या वेळी तोच शब्द आणखी जड होतो. आणि स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो, म्हणून फार जणांचं नेमकं तिथेच अडतं.

मुलीला सांग, आणि ठरायच्या आधीच सांग. आईची भीती मला कळते, यावरून स्थळं मोडतात, खोटं कशाला बोलू. पण ठरल्यावर सांगितलंस तर ती विचारणारच की आधी का नाही बोललास, आणि तोवर प्रत्येक फोनवर तू स्वतःच्याच तोंडावर पहारा देत बसशील. आधी मेसेज केलास तरी चालेल, 'मी बोलताना अडखळतो, कधीकधी शब्द निघायला वेळ लागतो, फोन कट झाला असं समजू नकोस, जरा थांब', आणि मग त्याच दिवशी फोन कर. शब्द अडला की पलीकडे नुसती शांतता जाते आणि लोक 'हॅलो, हॅलो' सुरू करतात, मग आणखीनच अडतं, म्हणून ही ओळ फार कामाची आहे. ती नाही म्हणू शकते, तुला वाईट वाटेल, पण मग ते आधीच कळलेलं बरं.

आणि जरा मुद्दाम अडखळायला शीक. विचित्र वाटेल, पण चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकन स्पीच थेरपिस्ट होते, तेही अडखळायचे, त्यांच्या उपचारपद्धतीत हे होतं. जो शब्द तुला सोपा जातो त्यावर, दुकानात, जोर न लावता 'द-द-दही द्या' म्हणायचं आणि नजर खाली घालायची नाही. बहुतेक वेळा दुकानदार दह्याची पिशवी पुढे करतो आणि सुट्टे मागतो, बास. हे अंगवळणी पडलं की मग कंडक्टरकडे कात्रज माग, अडखळत का होईना. स्पीच थेरपिस्ट सोबतीला असेल तर उत्तमच, पण 'महिन्यात पूर्ण बरं करतो' अशी गॅरंटी देणाऱ्याकडे पैसे भरू नकोस. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वयंसहायता गट आहेत, तिथे एकदा तरी जाऊन ये. अडखळणारा माणूस चारचौघांत निवांत बोलतोय हे डोळ्यांनी बघितल्यावर जे मिळतं ते माझ्या सल्ल्यातून नाही मिळणार.

प्रश्न: माझा ४ वर्षांचा मुलगा दोनेक महिन्यांपासून 'म-म-मला' असं करतोय. सासूबाई मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावतात. वाट बघू का?

उत्तर: २ ते ५ वर्षांत बऱ्याच मुलांचं असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. पण घरात मोठेपणीही अडखळणारं कोणी असेल, किंवा तो बोलताना डोळे घट्ट मिटत असेल, मान ताणत असेल, 'मला नाही बोलता येत' म्हणत असेल तर थांबू नका, आत्ताच स्पीच थेरपिस्टला दाखवा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे. वेखंड बंद करा, अडचण जिभेत नाहीच. आणि 'नीट बोल, परत म्हण' हे घरात सगळ्यांनीच थांबवा, त्याऐवजी तुम्ही सावकाश बोला आणि त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू द्या, पोळ्या करता करता कितीही घाई असली तरी.