रायझन ५६००एक्स: व्होल्टेज न चढवता वेग

एएमडीच्या रायझन ५६००एक्स या प्रोसेसरचा वेग वाढवायचा असेल, तर सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना) एकच वेग ठरवून देऊन वर व्होल्टेज चढवायचं, हा मार्ग सोडा. विजेचा खप साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२ वरून १.३ व्होल्टला गेलात, की त्याच वेगाला सुमारे १७ टक्के जास्त उष्णता! शिवाय एकेका कोअरला मिळणारा ४.६ गिगाहर्ट्झचा बूस्ट (गरजेप्रमाणे आपोआप वाढणारा वेग) बहुधा हातचा जातो.

त्यापेक्षा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सोय, चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा; त्याने प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने कमी करता येतं. सगळ्या कोअरना उणे १० पायऱ्या द्या. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सर्वांत चांगल्या दोन कोअरना मात्र जरा कमीच पायऱ्या.

खरी गोम चाचणीत आहे. सर्व कोअरवर ताण देणारी चाचणी रात्रभर सुरळीत चालते आणि दुसऱ्या दिवशी नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन रीस्टार्ट होतं. कारण सर्वोच्च बूस्ट हलक्या कामातच लागतो. म्हणून कोअरसायकलर या चाचणीच्या प्रोग्रामने एकेक कोअर तपासा. जी अडखळेल तिला पाच पायऱ्या मागे घ्या (उणे १० वरून उणे ५), बाकीच्यांना हात लावू नका.

बूस्टची मर्यादा सगळ्यात शेवटी वाढवा. २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येते, पण माझ्या मते १०० पुरे.