कॉल सेंटर म्हणजे नेमकं काय आणि तिथे काम कसं चालतं?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, लातूरहून पुण्याच्या कॉल सेंटरची ऑफर आलीये आणि घरचे विचारतायत की तिथे फक्त फोनच उचलायचे का. तर हो, फोनच उचलायचे, पण तो फोन तुमच्यापर्यंत कसा येतो आणि तुम्ही त्यावर किती वेळ बोलायचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं, ते कळलं की कॉल सेंटर कळलं. मी पुण्यात खराडीला एका मोबाइल कंपनीच्या मराठी-हिंदी इनबाउंड प्रोसेसवर, म्हणजे त्या कंपनीला येणारे फोन घ्यायच्या कामावर, ४ वर्षं हेडसेट लावून बसले आणि नंतर ५ वर्षं डब्ल्यूएफएमला होते, म्हणजे कुठल्या अर्ध्या तासाला किती माणसं लॉगिन पाहिजेत हे ठरवायचं काम.

पहिली गोष्ट, तुमचा पगार बहुतेक वेळा त्या मोबाइल कंपनीचा किंवा बँकेचा नसतो, त्यांनी काम दिलेल्या दुसऱ्याच कंपनीचा असतो, फोनवर मात्र नाव बँकेचंच घ्यायचं. इनबाउंड म्हणजे लोक फोन करतात, आउटबाउंड म्हणजे आपण करायचा, लोन, कार्ड, वसुली वगैरे. इंटरनॅशनल असेल तर तिकडच्या घड्याळावर चालायचं, न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, कारण ते लोक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ तासभर पुढेमागे करतात, मग शिफ्ट पण सरकते.

आता एक कॉल बघा. माणूस नंबर लावतो, "मराठीसाठी ३ दाबा" ऐकतो, ३ दाबतो, की तो मराठीच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत लागला. मराठी येणाऱ्यांपैकी जो सगळ्यात जास्त वेळ रिकामा बसलाय त्याच्याकडे सिस्टीम तो कॉल ढकलते. तुम्हाला रिंग ऐकू येत नाही, कानात एक बीप वाजते आणि समोरचा थेट बोलायला लागतो, स्क्रीनवर त्याचा नंबर, प्लॅन, आधीच्या तक्रारी येतात. फोन ठेवल्यावर कॉल कशाबद्दल होता ते टॅग करायचं आणि लगेच पुढची बीप. बोलणं, होल्ड आणि टॅगिंग मिळून जो सरासरी वेळ होतो त्याला एएचटी म्हणतात आणि टीएलचा, म्हणजे टीम लीडरचा, सगळा जीव त्यात अडकलेला असतो.

का ते सांगते, हे मला स्वतःला डब्ल्यूएफएमला गेल्यावर कळलं. समजा अर्ध्या तासात १०० कॉल येतात आणि एक कॉल ५ मिनिटांचा. म्हणजे ५०० मिनिटांचं काम, भागिले ३०, साधारण १७ माणसं पुरायला पाहिजेत ना? नाही पुरत, कारण कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत, एकदम ८ येतात आणि मग २ मिनिटं काहीच नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्याने १९१७ साली याचं सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. त्या सूत्राने १७ माणसं असतील तर (कोणी कंटाळून फोन कापला नाही असं धरलं तर) सरासरी वाट बघावी लागते १३ मिनिटांच्या वर, १८ झाली की अडीच मिनिटं, आणि २१ असतील तर फक्त १६ सेकंद. फक्त चार माणसांचा फरक!! म्हणून तुमचा चहाचा ब्रेक १५ मिनिटांचा असेल तर १५च, आणि म्हणून चार जण एकाच वेळी वॉशरूमला गेले की टीएल उठून उभा राहतो. त्याला तुमचा राग नसतो, समोरच्या बोर्डवर क्यू लाल झालेला असतो.

पण याच हिशोबात माणसाचं नुकसान होतं आणि ते मला अजून टोचतं. पंढरपूरकडचे एक आजोबा होते, रिचार्ज भलत्याच नंबरवर गेलेलं. ते नंबर सांगत होते जोडीजोडीने, अठ्ठ्याण्णव, एकोणऐंशी, त्रेसष्ट… माझ्या शेजारच्या सीटवरचा मुलगा, पुण्यातच इंग्लिश मीडियमला शिकलेला, त्याने एकोणऐंशीला ८९ टाकलं, नंबर सापडेना, परत विचारलं, परत तेच, होल्ड, आणि शेवटी "चुकीचा नंबर आहे" म्हणून त्याने कॉल संपवला कारण ७ मिनिटं झाली होती. आजोबांनी परत फोन लावला तो माझ्याकडे आला. "बाई, मी नीट सांगतोय ओ," एवढंच म्हणाले. एकोणऐंशी म्हणजे ७९, २ मिनिटांत काम झालं. एएचटी वाचवायला गेलेला एक कॉल दोन कॉल झाला, आणि त्या माणसाचा अर्धा तास गेला तो वेगळाच. घाई करून एएचटी कमी होत नाही, पहिल्यांदाच नीट ऐकलं की होतो, हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे.

तुमचे कॉल रेकॉर्ड होतात, क्वालिटीवाले त्यातले थोडे ऐकून मार्क देतात, न सांगता मधेच लाइव्ह ऐकतात, त्याला आमच्याकडे बार्जिंग म्हणायचे. शिव्या पण खाव्या लागतील, तेव्हा म्यूटचं बटण दाबून एक श्वास घ्या, उलट बोलू नका, सरळ सुपरवायझरकडे कॉल द्या.

तुम्ही मुलगी असाल आणि रात्रीची शिफ्ट असेल तर ड्रॉपचं, म्हणजे घरी सोडणाऱ्या गाडीचं, आधी विचारा. २००७ साली पुण्यात बीपीओतल्या एका मुलीचा कॅबमध्ये बसल्यावर खून झाला होता, आमच्याकडे गाडीत शेवटी मुलगी उतरणार असेल तर गार्डशिवाय गाडी हलायची नाही.

जॉइन व्हायच्या आधी प्रोसेस कुठली, ट्रेनिंगमध्ये पूर्ण पगार की स्टायपेंड, इन्सेंटिव्ह कशावर आणि वीकली ऑफ फिक्स की फिरता, हे एचआरकडून मेलवर लिहून घ्या. आणि आत्तापासून घरातल्या कोणाला तरी रोज वीस मोबाइल नंबर मराठीत जोडीजोडीने भराभर वाचायला सांगा आणि तुम्ही ते कागदावर उतरवा, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे चार विशेष.