मगावरचं कोंडाळं

प्रश्न: वाढदिवसाला मैत्रिणीने एक मग दिलाय. त्यावर जुनं काळंपांढरं चित्र आहे, कोटवाली माणसं गोल उभी आहेत आणि जो तो शेजारच्याकडे बोट दाखवतोय. भ्रष्टाचारावर आहे एवढं कळलं, पण ही माणसं खरी होती का? आणि रोज वापरला तर चित्र जाईल का?

उत्तर: खरी होती, अगदी नावानिशी! अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टचं चित्र आहे हे, १९ ऑगस्ट १८७१ च्या 'हार्पर्स वीकली' ह्या साप्ताहिकातलं. सगळ्यात पोट सुटलेला दाढीवाला दिसतोय ना, तो विल्यम ट्वीड, न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलचा, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा, सर्वेसर्वा, नास्ट तर त्याला कितीतरी चित्रांत शर्टावर भलामोठा हिरा लावूनच काढायचा. बाकी त्याचे साथीदार आणि कंत्राटदार, एका कोर्टाच्या इमारतीवर ह्यांनी एक कोटी डॉलरच्या वर खर्च दाखवला आणि त्यातला बराचसा फुगवलेल्या बिलांतून परत ह्यांच्याच खिशात गेला. ह्या टोळीला लोक 'ट्वीड रिंग' म्हणायचे, नास्टने त्या रिंगचं खरंच रिंगण काढलं, म्हणजे आपण कोंडाळं म्हणतो ना तेच. मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की बोटांच्या मागे मागे गेलं की फिरून पहिल्या माणसापाशीच येतो आपण, चोर सापडतच नाही, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हे कळतं.

पुढे ट्वीड कैदेतून पळाला, स्पेनला पोचला, आणि १८७६ मध्ये तिथे पकडला गेला तो नास्टच्याच एका चित्रावरून ओळख पटल्यामुळे. १८७८ मध्ये तुरुंगातच वारला.

आता मगाचं. चित्रावरून बोट फिरवून बघा, कडा हाताला लागत नसतील तर रंग उष्णतेने वरच्या थरात मुरवलेला आहे, तो सहजासहजी जात नाही, फक्त तारेची घासणी लावू नका, मऊ स्पंजने धुवा. कडा लागत असतील तर चित्र वरून चिकटवलेलं आहे, मग जास्तच जपा. आणि हो, चित्राखालची ओळ छापलीय का बघा, बरेच मगवाले जागा पुरत नाही म्हणून ती कापतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण 'लोकांचे पैसे कोणी चोरले?' हा प्रश्न तिथे आहे आणि त्याचं उत्तर, 'ह्याने!'